मच्छीमार सोसायटीच्या मुलाखतींतून कारण-परिणामाचा नकाशा ॲटलास.टीआय या मुलाखतींचं विश्लेषण करायच्या सॉफ्टवेअरमध्ये कसा काढायचा?

समजा हर्णै बंदरातला तांडेल (बोटीचा प्रमुख) म्हणाला, "बर्फ वेळेवर मिळाला नाय, म्हणून बांगडा पडत्या भावात गेला." हे एका कोडमध्ये (उताऱ्याला दिलेल्या विषयाच्या लेबलात) कोंबू नका. ‘बर्फाची उपलब्धता’ आणि ‘माशाचा भाव’ असे दोन कोड करा. नावं तटस्थ हवीत, म्हणजे कमी-जास्त दोन्ही त्यात बसतं. मग ‘वाढवतं’ आणि ‘घटवतं’ असे दुवे स्वतः बनवून नेटवर्कमध्ये (कोड जोडून दाखवणाऱ्या आकृतीत) बाण जोडा, इथे ‘वाढवतं’, कारण बर्फ कमी तर भाव कमी, दोन्ही एकाच दिशेने बदलतात.

घोळ होतो तो पुढे. दोन कोड एकाच उताऱ्यात आले म्हणजे कारण सिद्ध झालं नाही. ‘म्हणून’, ‘त्यामुळे’, ‘नायतर’ असं बोलणाऱ्याने म्हटलंय का ते बघा, प्रत्येक बाणामागचा उतारा नोंदवा. शिवाय कोडांमधला दुवा अख्ख्या प्रोजेक्टला लागू होतो, कोणाचं म्हणणं आहे ते त्यात वेगळं राहत नाही, म्हणून तांडेल आणि सोसायटीचा सेक्रेटरी यांच्यासाठी वेगळे प्रोजेक्ट ठेवा.