वाचकांचे प्रश्न : जुन्या फोर-बाय-फोरचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स

प्रश्न : माझ्याकडे १९९४ सालची टोयोटा लँड क्रूझर (८० सिरीज, ४.२ लिटर टर्बो डिझेल, चार गिअरचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) आहे. सकाळी पहिल्यांदा लिव्हर ‘डी’मध्ये टाकल्यावर गाडी दोन-तीन सेकंद जागची हलत नाही. ताम्हिणी घाटात गाडी चांगली तापली, की दुसऱ्यातून तिसऱ्या गिअरमध्ये जाताना इंजिनाची रेस एकदम वाढते आणि मग गिअर पडतो. रिव्हर्सची काहीही तक्रार नाही. गॅरेजमध्ये एक फेरी मारून आल्यावर ‘क्लच प्लेटा गेल्या, पूर्ण गिअरबॉक्स खोलावा लागेल’ असे सांगण्यात आले. खर्च मोठा आहे. त्याआधी आणखी काही तपासता येईल का? – एक वाचक, कोथरूड, पुणे

उत्तर : तपासता येईल, आणि तपासल्याशिवाय गिअरबॉक्स खोलू देऊ नका. प्लेटा (गिअर आवळून धरणाऱ्या, अस्तर लावलेल्या चकत्या) झिजल्या असण्याची शक्यता आहेच. परंतु तुम्ही सांगितलेली दोन्ही लक्षणे तेल कमी असल्याने, गाळणी तुंबल्याने किंवा थ्रॉटल केबल सैल पडल्यानेही दिसू शकतात, आणि ही तिन्ही कारणे गिअरबॉक्स न उतरवता पाहता येतात.

सुरुवात तेलापासून करावी. गाडी अर्धा तास चालवून सपाट जागी उभी करा, इंजिन चालू ठेवा, ब्रेकवर पाय ठेवून लिव्हर ‘पी’पासून ‘एल’पर्यंत प्रत्येक जागी क्षणभर थांबवत न्या, परत ‘पी’मध्ये आणा आणि मगच डिपस्टिक काढा. इंजिन बंद असताना पाहिलेल्या पातळीवर विसंबता येत नाही. पुसायला धागे न सुटणारे कापड घ्या, कारण एखादा तंतूही आतल्या व्हॉल्व्हमध्ये अडकू शकतो. पातळी ‘हॉट’च्या दोन खुणांमध्ये असावी. तेल लालसर व पारदर्शक असेल तर उत्तम. तपकिरी होऊन जळका वास येत असेल, तर प्लेटांचे अस्तर जळू लागले आहे असे समजावे. पातळी कमी असूनही पार्किंगमध्ये डाग पडत नसेल, तर ट्रान्सफर केसमधील (गिअरबॉक्सची ताकद पुढच्या-मागच्या चाकांना देणाऱ्या पेटीतील) तेलही पाहावे. दोहोंमधले सील गेले, की गिअरबॉक्सचे तेल तिकडे उतरते आणि बाहेर थेंबही दिसत नाही. या तपासणीचा अनेकदा विसर पडतो, म्हणून मुद्दाम लिहीत आहे.

तेल ठीक असेल तर थ्रॉटल केबल पाहा. तुमच्या पायाचा दाब किती आहे हे गिअरबॉक्सला या केबलमुळे कळते, आणि त्या प्रमाणात आतला तेलाचा दाब वाढतो. केबल सैल असेल तर दाब कमी पडतो, क्लच पुरेशा जोराने आवळला जात नाही आणि नेमकी गिअर बदलताना रेस वाढते. अशा अवस्थेत गाडी चालवत राहिल्यास धडधाकट प्लेटाही जळतात. एकाने ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबावा आणि दुसऱ्याने बॉनेटखाली पाहावे. इंजेक्शन पंपाचा लिव्हर पूर्ण उघडतो, याची आधी खात्री करावी. त्या स्थितीत केबलच्या रबरी आवरणाचे टोक आणि केबलवर दाबून बसवलेला बारीक धातूचा मणी यांत जास्तीत जास्त १ मिलिमीटर अंतर असावे. अंतर जास्त असल्यास दोन नटांनी ते जुळवता येते, त्यासाठी पैसे लागत नाहीत.

त्यानंतर वीजजोडण्या. त्या काळातील टोयोटाच्या इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाच्या गिअरबॉक्समध्ये डायग्नोस्टिक कनेक्टरचे (बिघाड तपासण्याच्या जोडणीचे) ‘टीई-१’ व ‘ई-१’ हे टोक तारेने जोडून इग्निशन चालू केले, की डॅशबोर्डवरचा ‘ओ/डी ऑफ’ (ओव्हरड्राइव्ह बंद) दिवा लुकलुकून बिघाडाचा क्रमांक दाखवतो. ६२ व ६३ हे गिअर बदलणाऱ्या दोन सोलेनॉइडचे (विजेवर चालणाऱ्या व्हॉल्व्हचे) क्रमांक, तर ६४ हा लॉक-अपचा, म्हणजे टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनाची ताकद तेलामार्फत गिअरबॉक्सला देणारा भाग) घट्ट जोडणाऱ्या सोलेनॉइडचा. मात्र हे क्रमांक केवळ विजेचा दोष सांगतात. कचऱ्याने अडकलेला सोलेनॉइड विजेच्या दृष्टीने निर्दोष असू शकतो.

आता पॅन (गिअरबॉक्सच्या तळाची तेलाची ताटली) उतरवा. त्यातल्या चुंबकांवर करड्या रंगाची मऊ पेस्ट असणे हे वयाचे लक्षण आहे, त्याने घाबरू नये. लोखंडाचे कीस, चुंबकाला न चिकटणारे पितळी कण किंवा काळ्या अस्तराचे तुकडे सापडले, तर मात्र गॅरेजचे म्हणणे खरे मानावे लागेल. गाळणी बदलून मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या प्रतीचेच तेल भरावे. मोठा भाग टॉर्क कन्व्हर्टरमध्ये राहत असल्याने सगळे तेल एका वेळी बदलत नाही. थोडे चालवून पुन्हा काढणे-भरणे करावे. यंत्राने जोरात फ्लश करणे (दाबाने जुने तेल ढकलून काढणे) मी तरी जुन्या गिअरबॉक्ससाठी सुचवणार नाही.

रिव्हर्स चांगला आहे, ही तुमची माहिती मोलाची आहे. या जातीच्या गिअरबॉक्समध्ये तिसऱ्या गिअरला आवळला जाणारा क्लचच रिव्हर्सलाही वापरला जातो. तो पार झिजला असता, तर रिव्हर्सही घसरला असता. मात्र रिव्हर्समध्ये तेलाचा दाब मुळातच जास्त ठेवलेला असतो, त्यामुळे थोडा झिजलेला क्लच तिथे निभावून जातो आणि तिसऱ्या गिअरला उघडा पडतो. म्हणून याने शंका कमी होते, संपत नाही.

सकाळचा विलंब घड्याळ लावून मोजा. टोयोटाच्या मोजमापाप्रमाणे, तेल गरम असताना ‘एन’मधून ‘डी’मध्ये १.२ सेकंदांच्या आत आणि ‘आर’मध्ये १.५ सेकंदांच्या आत धक्का जाणवला पाहिजे. गरम असताना वेळ बरोबर आणि फक्त थंडीत उशीर होत असेल, तर क्लच आवळणाऱ्या पिस्टनची रबरी सील वयाने कडक झाली असण्याचा संभव अधिक. ब्रेक दाबून पूर्ण ॲक्सिलरेटर देण्याची स्टॉल चाचणी, गिअर घसरतो हे ठाऊक असताना, मी टाळेन; पाच सेकंदांतही तेल भयंकर तापते. त्याऐवजी गिअरबॉक्सच्या बाजूच्या चाचणी-प्लगला गेज लावून दाब मोजून घ्या. सगळ्या गिअरमध्ये दाब कमी आला तर पंप, रेग्युलेटर (दाब राखणारा व्हॉल्व्ह) किंवा केबल यांकडे वळावे. दाब मॅन्युअलच्या आकड्यांशी जुळूनही तिसरा गिअर घसरला, तर खोलण्याला पर्याय नाही. मोजलेल्या दाबाचा आकडा मिस्त्रींकडून लिहून घ्यावा.

तोवर घाटात सावकाश चढायचे तर, खरा तीव्र व कच्चा चढ असल्यास, ‘फोर लो’ (फोर-बाय-फोरची कमी वेगाची, जास्त ताकदीची जागा) वापरा. टॉर्क कन्व्हर्टरमध्ये उष्णता कमी निर्माण होते.

प्रश्न : मुळशीकडे ओढा ओलांडल्यानंतर माझ्या जुन्या पजेरोच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे तेल गुलाबी दुधासारखे झाले आहे. चालवत राहिले तर चालेल का? – एक वाचक, बाणेर, पुणे

उत्तर : नाही, गाडी ताबडतोब थांबवा. पाण्याने क्लचचे अस्तर धरून ठेवणारा गोंद सुटतो. तापलेला गिअरबॉक्स ओढ्यात अचानक थंड झाला, की आतली हवा आकसते आणि ब्रीदरमधून (गिअरबॉक्समधली हवा आत-बाहेर जाण्याच्या वाटेतून) पाणी शोषले जाते. दुसरे कारण रेडिएटरमधला तेल थंड करणारा भाग फुटणे. गार इंजिनावर रेडिएटरचे झाकण काढून पाहा : कूलंट कमी झाले असेल किंवा त्यावर तेलाचा तवंग असेल, तर रेडिएटर बदलल्याशिवाय नवे तेल भरू नका. तसे नसेल, तर ब्रीदरची नळी तपासून ती उंच जागी न्या, तेल अनेकदा बदलून स्वच्छ लाल रंग येईपर्यंत थांबा, आणि गाडी गॅरेजला न्यायची ती चारही चाके वर असलेल्या फ्लॅटबेडवरून.