ऑस्ट्रियातल्या साल्झबुर्गहून गाडी न घेता हालश्टाट गाव आणि आजूबाजूची तळी दोन दिवसांत होतील का?

होतील, पण मुक्काम हालश्टाटमध्ये न करता बाड इश्लला करा. बस आणि रेल्वे तिथे एकत्र येतात, शिवाय खोल्या बऱ्याच स्वस्त.

पहिल्या दिवशी साल्झबुर्ग स्टेशनहून १५० नंबरची बस घेऊन सांक्ट गिल्गेनला उतरा आणि तिथून बोटीने सांक्ट वोल्फगांग गाठा. तिथल्या चर्चमधली मिखाएल पाखर या कलाकाराची कोरीव वेदी १४८१ सालची आहे. घाईत बघू नका. तिथूनच शाफबर्ग डोंगरावर चढणारी दातेरी रुळांची रेल्वे (१८९३ पासूनची) सुमारे १,७३० मीटरवर नेते. ती हिवाळ्यात बंद असते. तिकीट काढण्याआधी शिखरावरचा वेबकॅम बघा; ढग असतील तर वर फक्त पांढरं दिसतं आणि पैसे फुकट जातात.

दुसऱ्या दिवशी सकाळी लवकरची रेल्वे घ्या. हालश्टाट स्टेशन तळ्याच्या पलीकडच्या काठावर आहे, गावात जायला बोटच लागते. बोट रेल्वेच्या वेळेला बांधलेली असते आणि संध्याकाळी लवकर बंद होते. शेवटची फेरी उतरतानाच विचारून ठेवा, नाहीतर तळ्याला वळसा घालून टॅक्सी. बोटीच्या तिकिटासाठी सुटे युरो जवळ ठेवा. दहानंतर टूर बसची गर्दी उसळते, म्हणून आधी वरच्या चर्चशेजारचं अस्थिगृह बघा: जागा कमी, म्हणून जुन्या कबरी उकरून कवट्या रंगवून ठेवल्या आहेत, सहाशेहून अधिक.

शाकाहारी असाल तर काझप्रेसक्नोडल (चीज घातलेले पावाचे गोळे) सूप टाळा, रस्सा बहुधा मांसाचा असतो.