गाडी तीन-चार दिवस उभी राहिली की बॅटरी उतरते. करंट नेमका कुठे जातोय ते घरी कसं शोधायचं?

तुमचा प्रश्न असा आहे: पेट्रोल हॅचबॅक, बॅटरी सहा महिन्यांची. रोज चालवली तर तक्रार नाही, पण चार दिवस उभी राहिली की सेल्फ मारताना नुसतं टकटक. गॅरेजवाला म्हणतो, पुन्हा नवीन बॅटरी टाका.

इतक्यात टाकू नका. आधी बॅटरी चार्जरवर पूर्ण चार्ज करा, निगेटिव्ह टर्मिनल काढा आणि चार दिवस तशीच सोडा. पाचव्या दिवशी मल्टिमीटरवर १२.५ व्होल्ट किंवा जास्त दिसले तर बॅटरी ठणठणीत आहे, करंट गाडी खातेय. वायर काढूनही १२.२ च्या खाली आली तर बॅटरीच खराब. वॉरंटीत बदलून घ्या. गाडी चालू असताना टर्मिनलवर साधारण १३.८ ते १४.५ व्होल्ट येतात का तेही बघून ठेवा, म्हणजे चार्जिंगचा संशय मिटतो.

आता थोडा हिशोब. छोट्या पेट्रोल गाडीत साधारण ३५ अँपिअर-अवरची बॅटरी असते. चार दिवसांत तिच्यातले २५ गेले, तर ताशी पाव अँपिअर-अवर, म्हणजे सतत २५० मिलिअँपिअरच्या आसपास. बंद गाडी घड्याळ, लॉक, इंजिनच्या कॉम्प्युटरची मेमरी यांच्यासाठी २० ते ५० मिलिअँपिअर घेते, ते चालतं. चोरी कितीची आहे हे कळलं की चोरही ओळखता येतो. डिकीतला किंवा ग्लव्ह बॉक्समधला ५ वॉटचा बल्ब ४०० मिलिअँपिअर घेतो. म्हणून मीटर लावण्याआधी मोबाइलचा व्हिडिओ चालू करून तो डिकीत ठेवा, झाकण लावा आणि नंतर बघा आत अंधार झाला होता का.

बल्ब निर्दोष निघाला तर करंट मोजायचा. मीटरची लाल वायर १० अँपिअरच्या सॉकेटमध्ये घाला, २०० मिलिअँपिअरच्या नाही. सॉकेट चुकलं की मीटरचा फ्यूज उडतो, आणि मग मीटर शून्य दाखवतं, आपल्याला वाटतं गाडीत दोषच नाही. तयारी आधीच करा: बोनेट उघडं, एक काच खाली, फ्यूज बॉक्सचं झाकण काढलेलं. दार उघडं ठेवून त्याच्या लॅचमध्ये स्क्रू ड्रायव्हर दाबा, म्हणजे गाडीला दार बंद वाटेल. (शेवटी दार लावण्याआधी हँडल ओढून लॅच सोडवा, नाहीतर दार आपटेल.) किल्ली बटण-स्टार्टची असेल तर घरात लांब ठेवा.

मग निगेटिव्ह पोल (बॅटरीवरचा खांब) आणि निगेटिव्ह क्लॅम्प (त्याला धरणारी वायरची पकड) यांच्यामध्ये एक जंपर वायर जोडा, आणि त्यानंतरच क्लॅम्प काढा. सप्लाय तुटत नाही, त्यामुळे गाडी जागी होत नाही. आता अर्धा तास काही करू नका. घाई इथेच नडते: गाडी बंद केल्यावरही सगळी मॉड्यूल्स (गाडीतले छोटे कॉम्प्युटर) झोपायला २०-३० मिनिटं, काही गाड्यांत त्याहून जास्त लागतात. तोपर्यंतचं रीडिंग फसवं असतं. अर्ध्या तासाने मीटरची लाल प्रोब क्लॅम्पला, काळी पोलला लावा आणि जंपर काढा. यानंतर इग्निशन चालू करायचं नाही, सेल्फ तर नाहीच नाही.

रीडिंग ५० मिलिअँपिअरच्या (०.०५ अँपिअरच्या) बरंच वर आहे? बहुतेक जण आता एकेक फ्यूज उपटत सुटतात. मी तसं करणार नाही. फ्यूज काढून परत लावला की त्या लाइनवरचं मॉड्यूल जागं होतं आणि पुन्हा अर्धा तास वाया जातो. त्याऐवजी जंपर परत लावा, मग मीटर सोडवा. लाल वायर व्होल्टच्या सॉकेटमध्ये घालून मीटर डीसी मिलिव्होल्टवर ठेवा. ब्लेड फ्यूजच्या डोक्यावर धातूचे दोन बारीक ठिपके उघडे असतात, त्यांवर दोन्ही प्रोब टेकवा. करंट जात नसेल तर ०.०. जात असेल तर १० अँपिअरच्या मिनी फ्यूजवर १ मिलिव्होल्ट म्हणजे साधारण १३० मिलिअँपिअर. मोठ्या अँपिअरच्या फ्यूजवर तेवढ्याच करंटला आकडा लहान दिसतो. मेन फ्यूजवरही काहीतरी दिसेल, कारण पुढच्यांचा करंट त्यातूनच जातो.

सापडलेल्या फ्यूजवर काय काय चालतं ते मॅन्युअलमध्ये बघा आणि एकेकाचा कनेक्टर काढा. माझा पहिला संशय बाहेरून बसवलेल्या वस्तूंवर: म्युझिक सिस्टिम, अँप्लिफायर, डॅशकॅम, जीपीएस, अलार्म. म्युझिक सिस्टिमच्या पिवळ्या वायरला कायम सप्लाय लागतो, लाल वायर किल्लीवर चालते. बसवणाऱ्याने दोन्ही एकत्र पिळून टेप मारली असेल, तर सिस्टिम किल्ली काढल्यावरही जागीच राहते. शिवाय फ्यूज बॉक्समधल्या रिलेंना (विजेवर चालू-बंद होणारे छोटे स्विच) हात लावून बघा. बाकीचे थंड आणि एकच कोमट असेल तर तो चालूच राहिलाय.

एकाही फ्यूजवर आकडा दिसत नसेल, तर थेट बॅटरीवरून ओढलेल्या वायरी आणि अल्टरनेटर (इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणारा जनरेटर) तपासा. अल्टरनेटरचा डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) लीक झाला की इंजिन बंद असतानाही करंट उलटा आत जातो. निगेटिव्ह पूर्ण काढा, अल्टरनेटरची जाड वायर सोडवा, तिच्या टोकाला टेप गुंडाळा आणि पुन्हा मोजा. रीडिंग खाली आलं तर अल्टरनेटर खोलून डायोड प्लेट बदलून मिळते, अख्खा नवा घ्यायची गरज नसते.

दोष सापडेपर्यंत गाडी उभी करताना १० नंबरच्या पान्याने निगेटिव्ह काढून ठेवा. घड्याळ पुन्हा लावावं लागेल, आणि काही गाड्यांत पॉवर विंडोचं ऑटो सेटिंग किंवा रेडिओचा कोडही, तेव्हा तो कोड आधी शोधून ठेवा.