पाईचा बटाटा चिकट का होतो?

प्रश्न: ताई, दोन वर्षांपूर्वी आम्ही सांगलीहून कोव्हेंट्रीला आलो. मी नर्स आहे, घरी पोचेपर्यंत संध्याकाळचे सहा वाजतात. नवऱ्याची दुपारपाळी असते, त्यामुळे रात्रीचा स्वयंपाक माझ्याकडेच. मुलगा सात वर्षांचा आहे आणि शाळेतच जेवतो. तिथे खिम्यावर बटाटा थापून भाजलेली पाई मिळते, तीच घरी कर म्हणून मागे लागतो. मी तीनदा केली. हँड ब्लेंडरने फिरवलेला बटाटा चिकट झाला, खालचा खिमा पातळ राहिला आणि रस कडेने वर येऊन ओव्हनमध्ये सांडला. सासूबाई सध्या इथेच आहेत. त्यांच्या सांगण्यावरून आलं-लसूण, गरम मसाला घातला, तर मुलगा म्हणाला, ‘हा तर आपलाच खिमा आहे.’ शिवाय दीड तास गेला तो वेगळाच. आठवड्यातल्या कामाच्या दिवशी, तासाभरात ही पाई होईल का?

उत्तर: होईल, आणि चांगली होईल. लेस्टरमधल्या एका प्राथमिक शाळेच्या स्वयंपाकघरात मी १९९७ पासून २०१६ पर्यंत काम केलं. दर दुसऱ्या गुरुवारी पाई असायची. २०१४ च्या सप्टेंबरपासून इंग्लंडमध्ये शाळेच्या पहिल्या तीन वर्गांतल्या सगळ्या मुलांना दुपारचं जेवण मोफत झालं, तेव्हा आमची पानं एकदम वाढली आणि पाईचे ट्रे पाचाचे आठ झाले. कुठला पदार्थ मुलांना आवडला नाही ते आम्हाला उरलेल्या अन्नाच्या बादलीवरून कळायचं. पाईच्या दिवशी बादलीत फार तर मटारचे दाणे असायचे. तुमच्या मुलाला ती घरीही हवीशी वाटते, यात मला नवल वाटत नाही.

आधी मांसाचं सांगते, कारण आपल्या लोकांचं ते विचारायचं राहून जातं. शेफर्ड म्हणजे मेंढपाळ, म्हणून शेफर्ड्स पाई मेंढीच्या मांसाची. कॉटेज पाई गाईच्या मांसाची. ही वाटणी अलीकडची. कॉटेज पाई हे नाव १७९१ पासून सापडतं, शेफर्ड्स पाई हे नाव एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला आलं, आणि पुष्कळ वर्षं दोन्ही नावं एकमेकांच्या जागी चालायची. रविवारी भाजलेल्या मांसाचं जे उरेल ते सोमवारी बारीक करायचं, वर बटाटा लावायचा, असं ते गरिबाघरचं जेवण होतं. आज मात्र दुकानातल्या पाकिटावर आणि शाळेच्या जेवणाच्या पत्रकावर कॉटेज पाई असं लिहिलेलं असेल तर ती गाईच्या मांसाची असं समजा. तुमच्या घरी ते चालत नसेल तर शाळेला लेखी कळवा. आमच्याकडे अशा मुलांची यादी भिंतीवर लावलेली असायची आणि ती आम्ही रोज बघायचो. घरच्या पाईसाठी मेंढीचा खिमा आणा.

आता बटाटा. बटाटा शिजला की त्याच्या आतला पिठूळपणा पाणी पिऊन फुगतो. हलक्या हाताने कुस्करला तर तो जागच्या जागी राहतो आणि बटाटा भुरभुरीत होतो. ब्लेंडरची पाती त्या पेशी फोडतात, सगळी कांजी बाहेर येते, आणि आपण पूर्वी सुती साड्यांना द्यायचो ती खळ तयार होते. एकदा खळ झाली की लोण्याने, दुधाने, कशानेही ती सुटत नाही. तेव्हा ब्लेंडर आणि मिक्सर या कामाला नकोत. सासूबाईंनी येताना पुरणयंत्र आणलंय का? असेल तर तुमचं काम झालं. इथे बटाट्यासाठी त्याच जातीचं यंत्र मिळतं, पण माझ्याकडे अजून आईने दिलेलं स्टीलचं पुरणयंत्रच आहे. मोठ्या भोकांची चकती लावायची आणि बटाटा गरम असतानाच फिरवायचा. यंत्र नसेल तर साधा मॅशर घ्या.

बटाटा मॅरिस पायपर किंवा किंग एडवर्ड घ्या, चौघांना एक किलो. गोल, गुळगुळीत, छोटे नवे बटाटे घेऊ नका, ते चिवट होतात. सोलून चार-चार सेंटीमीटरच्या फोडी करा, मीठ घातलेल्या गार पाण्यात टाका आणि मग गॅस लावा. उकळत्या पाण्यात टाकले तर बाहेरून विरघळतात नि आतून कच्चे राहतात. उकळी आल्यावर पंधरा मिनिटं.

आणि आता बहुतेकजणी गाळतात ती पायरी. बटाटे चाळणीत ओतल्यावर चाळण त्याच रिकाम्या गरम पातेल्यावर ठेवायची आणि स्वच्छ फडकं टाकून पाच मिनिटं सोडून द्यायची. आमच्या मुख्य आचारीण बाई या पाच मिनिटांत कुणाला चाळणीला हात लावू द्यायच्या नाहीत. फडकं उचललं की फोडींच्या कडा पांढऱ्या, खडूसारख्या झालेल्या दिसतात आणि बोट लावलं तर पीठ सुटतं. तेवढं पाणी उडालेलं असतं. मग आधी पन्नास ग्रॅम लोणी, ते जिरल्यावर पाऊण कप कडकडीत गरम दूध, थोडं थोडं करून. गार दूध घालू नका. मीठ, मिरपूड, आणि असलं तर चिमूटभर जायफळ. हा बटाटा चमच्यावरून सावकाश घसरला पाहिजे, ओघळता कामा नये.

खिमा पातळ राहतो तो बहुधा सुरुवातीलाच चुकल्यामुळे. लहान पातेल्यात अर्धा किलो खिमा एकदम टाकला की त्याला पाणी सुटतं आणि तो त्या पाण्यात उकडतो. पसरट, जाड बुडाचं भांडं चांगलं तापवा, तेल न घालता खिमा पसरा आणि तीन-चार मिनिटं ढवळूच नका. चरचर आवाज बदलतो, बारीक होतो, तेव्हा उलथन्याने उलटा. खालची बाजू तांबूस, खरपूस दिसली पाहिजे. पाईची निम्मी चव तिथेच तयार होते. इथल्या मेंढीच्या खिम्याला चरबी पुष्कळ असते, ती सुटली की दोन चमचे ठेवून बाकीची काढून टाका. टाकली नाहीत तर तीच पुढे ओव्हनमध्ये वर येते, तुमच्याकडे आली तशी.

खिमा बाजूला काढून त्याच भांड्यात दोन कांदे, दोन गाजरं आणि सेलरीची एक कांडी, सगळं बारीक चिरून, सात-आठ मिनिटं परता. दोन चमचे टोमॅटो प्युरी घालून तिचा कच्चा वास जाईपर्यंत परता. मग एक चमचा मैदा. खिमा परत घालून तीनशे मिलिलीटर गरम स्टॉक (मांसाचं किंवा भाज्यांचं सार; गरम पाण्यात विरघळवायची एक तयार क्यूब पुरते), मोठा चमचाभर वूस्टर सॉस आणि अर्धा चमचा थाईमचा सुका पाला. झाकण न ठेवता पंधरा मिनिटं आटवा. झालं की नाही हे असं बघायचं: लाकडी चमचा भांड्याच्या तळावरून सरळ ओढायचा. मागे जी वाट उघडी पडते ती मनात तीन मोजेपर्यंत तशीच राहिली तर खिमा तयार. लगेच रस धावून आला तर आणखी आटवा, बटाट्याला थांबू दे. शेवटी मूठभर गोठवलेले मटार.

खिमा ट्रेमध्ये पसरून पाच मिनिटं तसाच ठेवा, वर सायीसारखा थर धरतो. बटाटा आधी चारी कडांना चमच्याचमच्याने लावत जा, ट्रेच्या काठाला चिकटवा, मग मध्यभागी या. आधी मध्ये ओतून कडेला ढकलला तर खिमा दबून बाहेर येतो. वरून काट्याने खोल रेघा ओढा. त्या रेघांचे कंगोरे भाजून कुरकुरीत होतात, आणि मुलं तेच आधी मागतात.

वेळेचा हिशोब असा. सव्वासहाला बटाटे गॅसवर आणि शेजारच्या शेगडीवर खिमा. सातला दोन्ही तयार. तुमचा खिमा गरम आहे, बटाटा गरम आहे, तेव्हा अर्धा तास ओव्हन लावायची गरजच नाही. ग्रिल (ओव्हनमधली वरून भाजणारी शेगडी) पूर्ण तापवून ट्रे त्याखाली आठ-दहा मिनिटं ठेवा, वर तांबूस डाग पडले की काढा. सव्वासातला जेवायला बसता येतं. रविवारी दुप्पट खिमा करून ठेवलात तर मधल्या वारी फक्त बटाटा उरतो. शिजलेला खिमा तास-दोन तासांत गार करून फ्रीजमध्ये टाका आणि दोन दिवसांत संपवा, नाहीतर गोठवा. गार खिम्यावर लावलेली पाई मात्र ओव्हनमध्येच करायची, २०० अंशांवर (पंख्याचा ओव्हन असेल तर १८०) तीस ते पस्तीस मिनिटं. मध्यभागी सुरी खुपसून दहा सेकंद ठेवा, बाहेर काढल्यावर पातं चटका देईल इतकं तापलेलं हवं.

राहता राहिला मसाला. सासूबाईंचं चुकत नाही, त्यांच्या हातचा खिमा त्यांनी जरूर करावा, शनिवारी, भाकरीबरोबर. पण पाईत गरम मसाला घालू नका. मुलगा शाळेत मित्रांच्या शेजारी बसून जे खातो, तेच त्याला तुमच्या हातचं खायचंय. त्याची ही इच्छा मला फार मोलाची वाटते. परक्या देशात आलेली मुलं तिथलं जेवण घराबाहेरच ठेवतात आणि आपलं जेवण मित्रांपासून लपवतात, असं मी शाळेत वर्षानुवर्षं बघितलंय. तुमचा मुलगा तसं करत नाहीये. साधी पाई अळणी लागत नाही, फक्त खिमा खरपूस भाजलेला हवा आणि कांदा पुरता परतलेला हवा. वूस्टर सॉसमध्ये चिंच असते हे सासूबाईंना सांगा, आणि त्यांच्या पानात ठेचा वाढा. माझे सासरे पाईबरोबर ठेचाच घ्यायचे.

प्रश्न: पुण्यात हीच पाई करायची तर मटणाचा खिमा लवकर शिजत नाही आणि माझ्याकडे ओव्हन नाही. काय करावं?

उत्तर: बोकडाच्या खिम्याला चरबी कमी असते, तेव्हा दोन चमचे तेल घ्या. परतणं वर दिलंय तसंच, मग कुकरला तीन-चार शिट्या आणि झाकण काढून आटवणं. बटाटे जुने घ्या. शीतगृहातले बटाटे कधी कधी गोड लागतात, त्यांचा कुस्करलेला बटाटा या पदार्थाला बरा लागत नाही. दुकानदाराला विचारून घ्या. ओव्हन नसेल तर जाड लोखंडी कढईला सढळ हाताने लोणी लावा, तळाशी आणि कडेला बटाट्याचा बोटभर थर द्या, आत खिमा, वर पुन्हा बटाटा. झाकण न ठेवता मंद आचेवर वीस मिनिटं. कडा सुटून तांबूस दिसल्या की ताटात उपडी करा. यासाठी बटाट्यात दूध निम्मंच घाला, नाहीतर थर फुटतो.

प्रश्न: आमच्या घरी मांसाहार नाही. खिम्याऐवजी सोया चालेल का?

उत्तर: चालेल, पण मी अख्खा मसूर घेते. कराड-इस्लामपूरकडच्या ढाब्यांवर मिळतो तोच. अडीचशे ग्रॅम मसूर तासभर भिजवून असा शिजवायचा की दाणा मऊ होईल पण फुटणार नाही, आणि त्यातला एक डावभर मसूर घोटून परत घालायचा म्हणजे रस दाट होतो. कांदा, गाजर, प्युरी वरच्यासारखंच, मैदा नको. वूस्टर सॉस मात्र टाळा, त्यात मासळी असते. त्याऐवजी चमचाभर चिंचेचा कोळ आणि किंचित गूळ घाला.