पहिल्या पोस्टिंगला घर बघताना

परदेशातल्या आपल्या दूतावासात पहिली पोस्टिंग मिळाली, अभिनंदन! फक्त फोटो बघून भाड्याचं घर पक्कं करू नका. भाड्याची मर्यादा आणि सुरक्षेच्या अटी दूतावासाकडून आधी लेखी घ्या. नवखे नेमकं उलटं करतात: घराच्या प्रेमात पडतात, मग मंजुरी अडते.

करारात ‘डिप्लोमॅटिक क्लॉज’ हवाच, म्हणजे मुदतीआधी बदली झाली तर नोटीस देऊन, दंड न भरता घर सोडता येतं. १९६१च्या व्हिएन्ना करारामुळे राजनैतिक अधिकाऱ्यावर खटला भरणं अवघड, म्हणून काही घरमालक बिचकतात. त्यांच्याशी सबुरीनं बोला.

- मुलं असतील तर आधी शाळा, मग घर.
- ऑफिसचा रस्ता ऐन गर्दीच्या वेळी स्वतः जाऊन बघा.
- तळमजला शक्यतो नको.

मेजवान्यांसाठी मोठा हॉल वगैरे? ते पुढच्या पोस्टिंगला बघू.