सून चार रात्री झोपली नाहीये, तर वाट बघू नका

इंग्लंडला मुलाकडे बाळंतपणासाठी गेलेल्या एका मावशींचा मेल आला होता, त्याच रात्री मी त्यांना फोन केला, आणि आता त्यांच्या परवानगीनेच इथे लिहितेय कारण असं अजून कुणाच्या घरात चालू असेल.

मावशी, तुम्ही लिहिलं होतं की सून पाचवीच्या आदल्या रात्रीपासून झोपलीच नाहीये, आणि दमलेली पण वाटत नाही. रात्री तीनला मसाल्याचे डबे काढून त्यावर चिठ्ठ्या चिकटवत बसते, भराभर बोलते, मध्येच गप्प होते, आणि म्हणते की बाळाचे डोळे बदललेत, हे आपलं नाही. तुम्ही दृष्ट काढलीत. काढा, त्यात मला काही वावगं वाटत नाही, पण मीठ-मोहऱ्या चुलीत टाकून होईपर्यंत मुलाने ९९९ (तिथला ॲम्ब्युलन्सचा नंबर) लावलेला असला पाहिजे.

याला पोस्टपार्टम सायकोसिस म्हणतात, म्हणजे बाळंतपणानंतर खऱ्या-खोट्याचं भान सुटतं तो आजार. हजार बाळंतपणांत एक-दोघींना होतो, आणि बहुतेकदा पहिल्या दोन आठवड्यांतच. म्हणजे नेमकं पाचवी, सटवाई, बारसं चालू असताना, घर पाहुण्यांनी भरलेलं, त्यामुळे "जागरणाने झालंय" म्हणून सहज सोडून दिलं जातं. मेख अशी की दुपारी ती अगदी नॉर्मल बोलते आणि संध्याकाळी पुन्हा तेच, म्हणून घरच्यांना वाटतं उतरलं. उतरलेलं नसतं. त्या काळात तिला आणि बाळाला दोघांनाच ठेवू नका, एक मिनिट पण नाही.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी उगाच रडू येतं ते वेगळं, ते बऱ्याच जणींना होतं आणि दोनेक आठवड्यांत जातं. डिप्रेशन वेगळं, ते हळूहळू चढतं, त्यालाही डॉक्टर लागतोच पण आज रात्रीच ॲम्ब्युलन्स लागेल असं दरवेळी नसतं. आणि "माझ्या हातून बाळ पडलं तर" असे नको ते विचार येऊन जी स्वतःच घाबरते, तिचं प्रकरण बहुधा ओसीडीचं (नको ते विचार पुन्हा पुन्हा येत राहतात तो आजार), सायकोसिसचं नाही. सायकोसिसमध्ये तिला ते खरंच वाटत असतं, म्हणून वाद घालून उपयोग नाही.

तुमच्या मुलाची भीती, की हॉस्पिटलात नेलं तर बाळ काढून घेतील, ही मी इतक्यांदा ऐकलीये. ब्रिटनमध्ये मदर अँड बेबी युनिट असतात, तिथे आईला ॲडमिट करतात ते बाळासकट, जागा मिळते का हे विचारायला लाजू नका. (आपल्याकडे बंगळुरूच्या निम्हान्स या मनोरुग्णांच्या हॉस्पिटलात पण असा वॉर्ड आहे.) औषधांनी बहुतेक जणी पूर्ण बऱ्या होतात, वेळ मात्र लागतो, महिने लागतात. अंगावर पाजत असेल तर तसं डॉक्टरांना आधीच सांगा. आणि मराठी दुभाषा मागा, मुलाने भाषांतर करायला लागलं की तो लाजेने अर्धं गाळतो. अमेरिकेत असाल तर ९११, ऑस्ट्रेलियात ०००.

आता जे बोलायला अवघड तेच. तिच्या रक्ताच्या नात्यात कुणाला बायपोलर (मन कधी फार चढतं, कधी फार खचतं तो आजार) असेल किंवा बाळंतपणात "डोक्यावर परिणाम" झालेला असेल तर धोका बराच वाढतो. आणि आपल्याकडे हीच गोष्ट स्थळ बघताना दाबून टाकलेली असते, सासरी कुणाला पत्ता नसतो, कधी कधी खुद्द मुलीला पण नसतो. शिवाय एकदा झालं की पुढच्या बाळंतपणात पुन्हा व्हायची शक्यता जवळपास निम्मी, म्हणून पुढच्या वेळी दिवस गेल्या गेल्या, खरं तर त्याच्या आधीच, डॉक्टरांशी बोलून ठेवायचं.

मी फोनवर तुम्हाला म्हटलं होतं, विहीणबाईंना सरळ विचारा, पण "आमच्यापासून लपवलंत" या सुरात नको, डॉक्टर विचारतायत म्हणून विचारा. तुम्ही विचारलंत. त्या आधी नाही म्हणाल्या, मग दहा मिनिटांनी त्यांचाच परत फोन आला, की माझी धाकटी बहीण, पहिल्या खेपेला, आम्ही तिला तेव्हा गाणगापूरला नेलं होतं.