घोडा पाहिलात, मागचं पाहिलं का?

राम राम भाऊ. सावद्याहून केळीचे कंटेनर न्हावा शेव्याच्या बंदरावर न्यायचे म्हणून तुम्ही 2018 चा घोडा, म्हणजे ओढणारं पुढचं इंजिनवालं तोंड, आणि मागचा 40 फुटी ट्रेलर बघून ठेवलाय. इंजिन खणखणीत आहे, दलाल "कागद क्लिअर" म्हणतोय, टोकन देऊ का, असं विचारताय. देऊ नका. निदान या आठवड्यात तरी नको. तुमचं वाचलं आणि माझंच 2019 साल आठवलं.

इंजिन, टर्बो, गिअरबॉक्स, टायर तुम्ही बघालच, त्यावर मी लिहीत बसत नाही. मीही पाहिलं होतं. मेकॅनिक घेऊन कळंबोलीला गेलो आणि दोन दिवस घोड्याभोवती फिरलो. ट्रेलरकडे बघितलं ते टायर मोजण्यापुरतं. आमचा ड्रायव्हर म्हणालाही, "आबा, मांगलं बी दखी ल्या ना!" मी म्हटलं, त्याला काय इंजिन आहे का?

तिथेच मेलो. घोडा आणि ट्रेलर या कागदावर दोन गाड्या. नंबर वेगळा, आरसी वेगळी, फिटनेस वेगळं, आणि बोजा, म्हणजे आरसीवरची कर्जाची नोंद, तीसुद्धा वेगळ्या फायनान्स कंपनीची असू शकते. माझ्या घोड्याचा बोजा उतरलेला होता. ट्रेलर परराज्यातल्या पासिंगचा, आणि त्याच्या आरसीवर भलत्याच फायनान्सचं नाव. कर्ज कधीच फिटलेलं, पण बोजा कोणी उतरवलाच नव्हता. दलालाने दिलेल्या झेरॉक्सवर नेमकी ती ओळ घडीत काळी झालेली. मी ती नीट न वाचता सगळे पैसे मोजून मोकळा.

मग सुरू झाले त्या फायनान्सच्या ऑफिसचे हेलपाटे. नाव घेत नाही, कोर्टकचेरी नको. जळगावच्या शाखेत सांगितलं, हे खातं आमच्याकडे नाही, नाशिकला जा. नाशिकला म्हणाले, मूळ मालकाला घेऊन या. मला विकणारा तिसरा मालक. पहिला शोधायला दीड महिना गेला, तो बिचारा सही द्यायला तयार, तर काउंटरवरचा माणूस म्हणतो, "सिस्टीमला दिसत नाही." साडेपाच महिने! रावेर-सावद्याला कापणी जोरात, कंटेनरवर कंटेनर निघतायत, आणि आमचा ट्रेलर धुळ्याला पंपामागे उभा. ट्रान्सपोर्टर स्पष्ट म्हणाला, दोन्ही आरसी तुमच्या नावावर दिसल्याशिवाय गाडी लावत नाही. माझ्या कर्जाचा महिन्याला 46,000 चा हप्ता मात्र बिनचूक जात होता. शेवटी एका नव्या पोराने कपाट उघडलं, तर सही झालेला फॉर्म 35, म्हणजे बोजा उतरवायचा कागद, तीन वर्षांपासून फायलीत पडलेला. फक्त शिक्का मारायचा राहिला होता. त्या दिवशी मी चहासुद्धा घेतला नाही त्यांचा.

म्हणून सांगतो. दोन्ही नंबर सरकारच्या 'वाहन' साइटवर टाकून फायनान्सचं नाव आहे का ते स्वतः बघा, दलालाच्या मोबाइलवर नको. नाव दिसत असेल तर फॉर्म 35 आणि फायनान्सची ओरिजिनल एनओसी हातात आल्याशिवाय पैसे नाहीत. परराज्याचं पासिंग असेल तर गाडी इकडे नोंदवायला तिथल्या आरटीओची फॉर्म 28 वाली एनओसीही लागेल. दोन्ही चेसिस नंबरांवर कागद धरून पेन्सिल घासा आणि आरसीशी एकेक अक्षर जुळवा. मी एजंट नाही, तुमच्या आरटीओत वेगळं सांगतील तर त्यांचं ऐका. पण ट्रेलर नावावर होईपर्यंत निम्मे पैसे अडकवून ठेवा, हे माझं ठाम मत.

ताजा रंग मारलेला ट्रेलर मी घेत नाही, लोक काहीही म्हणोत. घोड्यावर टेकणारी जी मान असते, तिच्या खाली झोपून बॅटरी मारा. वेल्डिंगवर वेल्डिंग दिसलं, पट्टी ठोकलेली दिसली, तर उठा आणि घरी जा. किंग पिन, म्हणजे ट्रेलर घोड्यात अडकतो ती खालची पिन, कापडाने पुसून झिजलीय का बघा. कंटेनर ट्रेलरला पकडून ठेवणारे कोपऱ्यांचे ट्विस्ट लॉक हाताने फिरवा. एक जरी हातोड्याशिवाय फिरत नसेल तर ते पोर्टवर रात्री दोनला कळेल.

केळीसाठी फार मोठा घोडाही नको. 2018 च्या जुलैत 49 टनांच्या ट्रेलरला मालासकट एकूण 55 टन वजनाची परवानगी मिळाली, म्हणून दलाल तेच गळ्यात मारतात. रीफरमध्ये, म्हणजे थंड कंटेनरमध्ये, माल साधारण 20 टन, कंटेनरचं स्वतःचं वजन साडेचारच्या पुढे. तुम्हाला ताकदीपेक्षा कसारा घाट उतरताना ब्रेक हवेत. आणि जेनसेटचं, म्हणजे डिझेल जनरेटरचं, विसरू नका. माल साडेतेरा डिग्रीला ठेवायचा तर वाटेत रीफरला वीज तोच देतो. तो कोणाचा, डिझेल कोणाचं, बंद पडला तर माल कोणाच्या अंगावर, हे ट्रान्सपोर्टरकडून लिहून घ्या.

कोणी बांगलादेशला कापसाच्या गाठींची "इंटरनॅशनल लाइन" दाखवेल. गाडी आपल्या हद्दीवरच्या पेट्रापोलहून पलीकडे बांगलादेशातल्या बेनापोलला खाली होऊन परत येते, आणि त्याआधी रांगेत किती दिवस जातील ते भाड्यात धरलेलं नसतं. पहिल्याच गाडीला हे करू नका.

धुळ्यावरून जाणार असाल तर कळवा, मी ट्रेलर बघायला येतो. पेन्सिल घासलेले कागद दोन्ही आणा. एकच आणलात तर चहा पाजून परत पाठवीन.